बडे बाबूंची खरी तारीख

धाकट्या भावाच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी आईला घेऊन आमच्या शाळेच्या ऑफिसात गेले होते. बडे बाबूंनी पत्रिका उघडली, कपाळावरचा चष्मा खाली घेतला, तारीख वाचली आणि म्हणाले, "पंधरा एप्रिल. टायटॅनिक बुडालं तो दिवस."

आईला टायटॅनिक माहीत नव्हतं. तिनं विचारलं, "काय बुडालं?" झालं. बडे बाबूंनी तिला खुर्ची दिली आणि सगळं सांगितलं. जहाज केवढं होतं, बर्फाचा डोंगर कसा आडवा आला, होड्या कशा कमी पडल्या. मी मधे दोनदा खाकरले. त्यांनी मला पाण्याचा ग्लास दिला आणि पुढे सांगत राहिले. लग्नात अक्षता पडत असताना आईनं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "ते जहाज बुडालं तोच दिवस ना वं हा?" भावाचा संसार उत्तम चालला आहे. तरी दरवर्षी लग्नाच्या वाढदिवसाला आईला आधी ते जहाज आठवतं आणि मग सुनेला साडी घ्यायचं.

पांढुर्ण्याच्या त्या शाळेत मी लहान बाबू, म्हणजे कनिष्ठ कारकून, म्हणून लागले, तेव्हा बडे बाबू मोठे बाबू होतेच. सोळा वर्षं त्यांचं टेबल आणि माझं टेबल एकमेकांना चिकटून होतं. त्यांचं नाव सर्व्हिस बुकात होतं, पण तोंडी कुणी घेत नसे. मास्तर, पोरं, पालक, प्राचार्य, सगळ्यांचे ते बडे बाबूच. मला ते 'मॅडम' म्हणायचे आणि रागावले की 'मॅडमजी'.

शाळेच्या व्हरांड्यात एक काळा फळा होता. त्यावर रोज सकाळी ते दिनविशेष लिहायचे. हे काम त्यांना कुणी दिलं नव्हतं. इतिहासाचे मास्तर वेगळे होते, ते या फळ्याच्या वाटेला जात नसत. बडे बाबूंकडे जाड बांधणीच्या चार वह्या होत्या, वर्षातल्या प्रत्येक दिवसाला एक पान, एकोणतीस फेब्रुवारीलासुद्धा. दोन पुस्तकांत एकच तारीख सापडल्याशिवाय ते पानावर काही उतरवत नसत. त्यामुळे कधीकधी फळ्यावर एवढंच असायचं: 'आज खात्रीचे काही सापडले नाही.' प्रार्थनेनंतर एक पोरगी ते खणखणीत आवाजात वाचायची आणि सगळी शाळा टाळ्या वाजवायची. पोरांना तेच दिवस जास्त आवडत.

प्राचार्य साहेबांना मात्र सकाळी उठल्या उठल्या शाळेच्या ग्रुपवर 'आज का इतिहास' पाठवायची सवय होती. कुणीतरी त्यांना पाठवायचं, ते आम्हाला पाठवायचे. आम्ही सगळे हात जोडल्याची खूण टाकून मोकळे होत असू. बडे बाबू सहा वाजून पाच मिनिटांनी उत्तर द्यायचे: 'क्रमांक दोन, चार आणि सात चूक. क्रमांक पाचमधील व्यक्ती त्या वर्षी हयात नव्हती.' मग दिवसभर प्राचार्य साहेबांचं डोकं फिरलेलं असायचं आणि ते माझ्यावर निघायचं, कारण बडे बाबूंवर काढून काही उपयोग नसे.

एका वर्षी एक नोव्हेंबरला, म्हणजे आमच्या मध्य प्रदेशाच्या स्थापना दिवसाला, एक मोठे अधिकारी येणार होते. पोरींनी गाणं बसवलं होतं. आदल्या दिवशी मी हात जोडून सांगितलं, "बडे बाबू, उद्या फळ्यावर फक्त शुभेच्छा लिहा." ते म्हणाले, "शुभेच्छा म्हणजे काही इतिहास नाही होत, मॅडम." दुसऱ्या दिवशी फळा वरपासून खालपर्यंत भरला होता. याच दिवशी केरळ झालं, कर्नाटक झालं, पुढं हरियाणा झाला, त्याच्याही पुढं छत्तीसगड आपल्यातून वेगळं झालं. आणि सगळ्यात वर, रंगीत खडूनं: 'आजच्याच दिवशी नागपूर तिकडे गेले व आपण इकडे राहिलो.'

अधिकाऱ्यांना मराठी अर्धवट कळत होतं. त्यांनी बोट ठेवून विचारलं, "ये क्या लिखा है?"

प्राचार्य साहेब काही बोलायच्या आत बडे बाबू पुढे झाले. "सर, आज अपना जन्मदिन है. और आज ही के दिन मामा का गांव पराया हुआ. दोनों बात सही है."

अधिकारी भला माणूस निघाला. तो हसला आणि म्हणाला, पूरा सुनाइए. बडे बाबूंनी पूरा सुनाया. पाऊण तास. गाण्यासाठी नटलेल्या पोरी उन्हात उभ्या होत्या, त्यातली एक चक्कर येऊन बसली. मी तिला पाणी पाजत होते आणि मनात म्हणत होते, हा माणूस रिटायर कधी होईल.

तर त्या रिटायर होण्याचीच ही गोष्ट आहे.

आमच्याकडच्या जुन्या माणसांचा वाढदिवस विचारला तर निम्मे लोक एक जुलै सांगतील. पूर्वी पोराला शाळेत घालायला आणलं की गुरुजी तारीख विचारायचे. आईबापांना ती माहीत नसे. शाळा जुलैत उघडायची, गुरुजी एक जुलै लिहून टाकायचे. प्राचार्य साहेब एक जुलैचे, आमचा चपराशी एक जुलैचा, पीटीचे सर एक जुलैचे, आणि बडे बाबूसुद्धा एक जुलै बासष्टचे. बासष्ट पुरी झाली की सरकार त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी घरी पाठवतं, एक तारखेचा जन्म असला तर आदल्याच महिन्याच्या, म्हणून आमच्याकडे सगळे निरोप समारंभ तीस जूनला. दर एक जुलैला बडे बाबू फळ्यावर लिहायचे: 'आज आपल्या शाळेतील अनेकांचा कागदोपत्री वाढदिवस.' पीटीचे सर पेढे आणायचे आणि तो फळा पाहून स्वतःच खात बसायचे.

त्यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष लागलं, तेव्हा ते मोहगावला मावशीकडे गेले होते. या मावशीनंच त्यांना लहानाचं मोठं केलं. ते रांगत असताना आई तापानं गेली, असं त्यांना सांगितलेलं होतं. मावशी ऐंशीच्या पुढची. टीव्हीवर ग्रह एका रांगेत येणार अशी बातमी चालू होती. म्हातारी पाहता पाहता बोलून गेली, "तूबी तर अष्टग्रहीतलाच."

दुसरा कुणी असता तर चहा पिऊन परत आला असता. बडे बाबू सोमवारी ऑफिसात आले ते डोळे तारवटून. "मॅडम, अष्टग्रही एक जुलैले नव्हती. बासष्टच्या फेब्रुवारीत होती. मकर राशीत आठ ग्रह जमले होते. जग बुडते म्हणून लोकं जामसांवलीले मारुतीपुढं जाऊन बसले होते. म्हणजे मी पाच महिन्यांनी मोठा आहो."

मी म्हटलं, "छान. आता पगाराचं बिल आजच्या आज पाठवायचं आहे."

"असं कसं? म्हणजे मी जूनमधे नाही, फेब्रुवारीत रिटायर होतो."

मला वाटलं गंमत करताहेत. बडे बाबू गंमत करत नसत, हे सोळा वर्षांनंतरही मी विसरत असे.

पुढचे दोन महिने ते दर रविवारी गायब असायचे. जन्म मोहगावजवळच्या एका खेड्यातला. पूर्वी गावचा कोटवार, म्हणजे चौकीदार, जन्ममृत्यूची वही ठेवायचा. त्या जुन्या कोटवाराच्या नातवाच्या घरी, ज्वारीच्या कोठीवर ठेवलेल्या पत्र्याच्या पेटीत, त्यांना ती वही सापडली. उंदरांनी कोपरे खाल्ले होते, पण अक्षर शाबूत होतं. पाच फेब्रुवारी, मुलगा, बापाचं नाव.

त्यांनी अर्ज केला. टाईप मीच केला. त्यात लिहिलं होतं की, माझी जन्मतारीख चुकीची नोंदली आहे, ती दुरुस्त करून मला चार महिने आधी सेवानिवृत्त करावं. सोबत त्या पानाची झेरॉक्स होती. झेरॉक्सवर जन्माच्या नोंदीखाली कागदाची पट्टी ठेवून काढल्यासारखा पांढरा आडवा पट्टा होता. मी विचारलं, "हे काय झाकलं?" ते म्हणाले, "त्याचा या अर्जाशी संबंध नाही."

प्राचार्य साहेबांनी अर्ज वाचून दार लावून घेतलं. आत मी, ते आणि बडे बाबू.

"बडे बाबू, तुम्हाले काही कमी पडलं का इथं?"

"नाही सर."

"मंग हे कायले करून राहिले? लोकं वय कमी करायसाठी मरतेत, तुम्ही वाढवून मागता. अन् हे एकदा उघडलं तर माहं काय होईन? माही माय म्हणते मी दोन वर्षांचा होतो तेव्हा शाळेत टाकलं का चार, तिले आठवत नाही. मी बी जाऊ का घरी?"

"तुमचं तुम्ही पहा सर. मी माहं सांगून राहिलो."

अर्ज वर गेला. जिल्हा नवा झाला होता, कोणतं कपाट कुठे जायचं हे ठरत होतं, तरी उत्तर लवकर आलं. सर्व्हिस बुकात एकदा लिहिलेली तारीख नोकरीच्या अखेरीस बदलता येत नाही, अर्ज अमान्य. मी हुश्श केलं. दहावी-बारावीच्या परीक्षेचं काम अंगावर होतं आणि ते गेले असते तर सगळं माझ्या गळ्यात पडलं असतं.

एकोणतीस फेब्रुवारीला संध्याकाळी बडे बाबूंनी टेबल पुसलं, चाव्यांचा जुडगा माझ्यापुढे ठेवला, चार वह्या माझ्या कपाटात लावल्या आणि म्हणाले, "मी आज रिटायर झालो, मॅडम."

"सरकार म्हणते तीस जून."

"म्हणून उद्याही येतो. पण खुर्ची आता माही नाही."

आणि खरोखर ते एक मार्चपासून भिंतीलगतच्या स्टुलावर बसू लागले. पालकांना बसायला ठेवलेलं, एक पाय आखूड असलेलं ते स्टूल. हजेरीवर सही करत, काम पहिल्यापेक्षा जास्त करत, मांडीवर फाईल ठेवून लिहीत, पण खुर्चीला शिवत नसत. कुणी टीसी घ्यायला आलं आणि 'बडे बाबू कुठं हायेत' म्हणून विचारलं, तर स्टुलावरून सांगायचे, "ते रिटायर झाले. मॅडमले भेटा." लोक गोंधळून माझ्याकडे बघायचे. मी काय सांगणार? त्यांच्या कमरेचं दुखणं वाढलं, मी उशी आणून दिली, ती त्यांनी घेतली नाही. एकदा मी खुर्ची मुद्दाम त्यांच्याजवळ सरकवली. त्यांनी तिच्यावर फाईली ठेवल्या. चार महिने मी त्या रिकाम्या खुर्चीकडे आणि त्या डुगडुगणाऱ्या माणसाकडे पाहून दात खाल्ले.

तीस जूनला रविवार होता, म्हणून निरोप समारंभ शनिवारी ठेवला. प्राचार्य साहेबांनी मनातलं सगळं बाजूला ठेवून स्वतः शाल निवडली. पोरांनी फुलांची कमान केली. मागे बॅनर लावला, त्यावर फोटो आणि खाली जन्मतारीख, सेवानिवृत्तीची तारीख. अकराची वेळ. साडेअकरा झाले, बडे बाबू नाहीत. फोन बंद. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मी स्कूटी काढली. वाटभर त्यांना काय काय सुनवायचं ते जुळवत गेले. घरी पोचले तर ते ओसरीवर बसून संत्र्याच्या झाडाच्या आळ्यातलं गवत उपटलेल्या हातांची माती काढत होते. त्यांची बायको दारात उभी होती. मला पाहून ती एवढंच म्हणाली, "तुम्हीच सांगा आता."

मी सांगितलं. जरा जास्तच सांगितलं. म्हटलं, "दोनशे पोरं बसून आहेत. ज्या माणसाला तुम्ही रोज सकाळी खोटं पाडलं त्यानं तुमच्यासाठी दुकानं पालथी घालून शाल आणली. एका तारखेपायी तुम्ही माणसं ओळखत नाही. कोण विचारते बडे बाबू, तुम्ही फेब्रुवारीचे का जुलैचे?"

ते उठून आत गेले. मला वाटलं कपडे बदलायला गेले. परत आले तेव्हा हातात एक झेरॉक्स होती, त्याच पानाची, पण तिच्यावर पांढरा पट्टा नव्हता.

जन्माच्या नोंदीखाली, त्याच तारखेला, दुसरी नोंद होती. बाई, वय अंदाजे वीस, बाळंतपणात मयत. पुढे नवऱ्याचं नाव. तेच नाव, जे वरच्या ओळीत बापाचं होतं.

"मावशीनं सांगतलं होतं, मी रांगत होतो तेव्हा माय गेली," बडे बाबू म्हणाले. "अष्टग्रहीचं पोरगं, जग नाही बुडालं तर मायले घेऊन बसलं, असं गावात म्हणत असतीन. म्हणून तिनं मले तिथून उचललं अन् शाळेत तारीख मालूम नाही म्हणून सांगतलं. मी तिले काही विचारलं नाही. काय विचारू?"

मी दोन्ही नोंदी पुन्हा वाचल्या.

"चाळीस वर्षं लोकायच्या तारखा लिहिल्या, मॅडम. कोण कधी जन्मला, कोण कधी गेला. माही माय कोणत्या दिवशी गेली ते मले मालूम नव्हतं. आता मालूम झालं, तर सरकार म्हणते तो दिवस नाहीच. त्या बॅनरखाली कसा बसू मी?"

मी झेरॉक्स त्यांना परत दिली. राग होता तो तसाच होता, पण आता तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. मी त्यांना म्हटलं, "हे अर्जासोबत का नाही जोडलं?" ते म्हणाले, "ते माह्या नोकरीचं काम नव्हतं."

मी एकटी परत आले. प्राचार्य साहेबांना बाजूला घेऊन खरं ते सांगितलं. त्यांनी पोरांना पेढे वाटून सुट्टी दिली. शाल तशीच पिशवीत राहिली.

सोमवारी मी त्यांच्या कार्यमुक्तीची नोंद करायला बसले. सर्व्हिस बुकात जे लिहायचं ते लिहिलं, एक जुलै बासष्ट. तिथे वेडंवाकडं काही केलं असतं तर त्यांची पेन्शन अडकली असती. पण शाळेची स्वतःची एक कर्मचारी पंजी, म्हणजे नोंदवही, असते, जी शाळेबाहेर जात नाही. तिच्यात शेऱ्याचा रकाना असतो आणि तो नेहमी कोरा असतो. मी त्यात लिहिलं: 'वास्तविक जन्म ५ फरवरी १९६२, ग्राम कोटवार की पंजी के अनुसार. माता का निधन उसी दिन.' असा शेरा कुठल्या नियमात बसतो हे मला ठाऊक नव्हतं. बडे बाबूंनीच शिकवलं होतं की रकान्यात नियमाबाहेरचं अक्षर पडू द्यायचं नाही.

पंजी घेऊन मी प्राचार्य साहेबांपुढे ठेवली. त्यांनी वाचलं. बराच वेळ पेनचं टोपण काढलं, लावलं. मग सही केली आणि शिक्का स्वतःच्या हातानं मारला. "याची एक सत्यप्रत काढा," म्हणाले, "अन् शालीसंगं नेऊन द्या."

बडे बाबूंनी सत्यप्रत वाचली आणि पहिलं काय म्हणाले? "मॅडमजी, असा शेरा देता येत नाही. खोडून टाका. चौकशी झाली तर तुमच्यावर येईन."

"नाही खोडत."

"मी सांगून राहिलो."

"तुम्ही रिटायर झाले, बडे बाबू. फेब्रुवारीत झाले का जूनमधे, पण झाले. आता मोठी बाबू मी आहे."

त्यांनी सत्यप्रतीवरचा शिक्का पुन्हा तपासला. मग तो कागद त्यांनी घडी न करता एका पुस्तकात ठेवला आणि म्हणाले, "रविवारी मोहगावले जायचं आहे. तुम्ही चाला. मावशीपुढं मले एकट्याले वाचता येणार नाही."

माझा रविवार गेला. बसनं सौंसर, तिथून ऑटो. वाटेत त्यांनी मला त्या दिवशीचे तीन दिनविशेष सांगितले, मी एकही ऐकला नाही.

मावशी खाटेवर बसून होती. लहानशी, कानानं कमी. बडे बाबू तिच्यापुढे जमिनीवर बसले आणि सत्यप्रत वाचू लागले, आधी हिंदीत, जसं लिहिलं होतं तसं. तिला ऐकू गेलं नाही. मग मोठ्यानं. मग मराठीत, "मावशे, इथं लिहिलं आहे, मी पाच फेब्रुवारीचा आहो. अन् माय त्याच दिवशी गेली." आवाज एवढा चढला होता की शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली.

म्हातारीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. कागदाकडे पाहिलं. "कोणं सांगतलं तुले?"

"कोटवारानं लिहून ठेवलं होतं."

"अन् हा गोल शिक्का?"

"शाळेचा आहे. सरकारी."

तिनं कागद हातात घेतला. वाचता येत नव्हतं, तरी बोट फिरवत शिक्क्यापर्यंत गेली आणि तिथे थांबली. "म्हणजे सरकारले मालूम झालं," ती म्हणाली, "माही बहीण कवा मेली ते."

"हो."

"मंग आता मले लपवाले नाही लागत." तिनं कागद मांडीवर ठेवला, आणि बडे बाबूंच्या डोक्यावरून, त्या बासष्ट वर्षांच्या पांढऱ्या केसांवरून, हात फिरवत विचारलं, "तिचं नाव लिहिलं का रे त्याच्यात?"

नाव लिहिलं नव्हतं. मी पिशवीतून पेन काढलं.